मीटरच्या दोन सुया आणि आपला कापूस
(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



भावाबद्दल बोलणारी मंडळी आज या व्यासपीठावर आहेत आणि ती आमच्यापेक्षा चांगले बोलतात. आम्ही बोलणार आहोत एका यंत्राबद्दल. तळहातापेक्षा थोडे मोठे, पुढे दोन लांब सुया, वर आकडा. खरेदी केंद्रावर ग्रेडर ते तुमच्या गाडीत खुपसतो, आकडा वाचतो आणि मोकळा होतो. बारा महिने पऱ्हाटीमागे राबल्यावर त्या एका आकड्यासमोर आपण मुके उभे असतो. काट्याशी आपण भांडतो, कारण काटा आपल्याला कळतो. मीटरशी भांडता येत नाही, कारण तो आत काय करतो ते आपल्याला ठाऊक नसते. मग एक तर आपण मान खाली घालतो, नाही तर “सगळे चोर आहेत” म्हणून ओरडतो. दोन्हींचा उपयोग शून्य.

म्हणून आज थोडे शास्त्र बोलू. कॉलेजात आम्ही हे परीक्षेपुरते शिकलो होतो. ते कशाला लागते हे कळले खरेदी केंद्राच्या फाटकावर.

डिसेंबरातली गोष्ट. केंद्राचे नाव सांगत नाही, सगळीकडे तेच चालते. आदल्या दिवशी दुपारी रांगेत लागलेल्या गाड्या, माप झाले नाही, रात्रभर गाड्या उघड्यावर. ताडपत्री होती त्यांनी टाकली, नव्हती त्यांनी देवाचे नाव घेतले. सकाळी आठला ग्रेडरसाहेब आले. एका म्हाताऱ्या काकांच्या गाडीत सुया घातल्या, म्हणाले, “काका, तेरा आहे. गाडी बाजूला घ्या.” काका म्हणाले, “साहेब, पाण्याचा थेंब मारला असंन तर गाडी पेटवून द्या.” साहेबांनी ऐकले नाही. गाडी बाजूला. आम्ही काकांना थांबवून ठेवले, घरी जाऊ दिले नाही. वरचा थर उकलून उन्हात पसरला आणि दुपारी दोनला त्याच गाडीत, त्याच मीटरच्या सुया घालायला लावल्या. दहा.

आता सांगा, खोटे कोण बोलले? काका खरे होते. साहेबही आकडा बनवून बोलले नव्हते. आणि मीटरही खोटा नव्हता. त्याच्या दोन सुयांच्या मधे जे होते ते त्याने सांगितले. गाडीत काय आहे हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

तर तो करतो काय? कोरडा कापूस विजेला वाट देत नाही. पूर्वी विजेच्या आणि टेलिफोनच्या तारांवर सुताचे वेटोळे असे ते याचसाठी. पण कापसात पाणी शिरले की त्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांच्या आधाराने वीज सरकायला लागते. मीटरमधली बॅटरी एका सुईतून दुसऱ्या सुईकडे थोडीशी वीज ढकलते. कापूस किती अडवतो, म्हणजे त्याचा विद्युतरोध किती, ते मोजते. रोध कमी तर ओलावा जास्त. एवढेच. ओलावा मीटर मोजतच नाही. तो मोजतो अडवणूक, आणि आतल्या कोष्टकावरून ओलाव्याचा अंदाज सांगतो.

या गोष्टीचा कसून अभ्यास झाला तो शेतकऱ्यासाठी नव्हे, टेलिफोनवाल्यांसाठी. 1920 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळेतील विल्यम्स आणि मर्फी ही मंडळी सुताच्या आवरणातून वीज का गळते ते शोधत होती. त्यांना दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे ओलावा थोडा वाढला की रोध धाडकन कोसळतो. कच्च्या कापसात ओलावा दीडपट झाला, समजा 8 वरून 12 वर गेला, तर रोध साधारण शंभरावा भाग उरतो. दुसरी गोष्ट म्हणजे तोच कापूस स्वच्छ पाण्याने धुऊन पुन्हा वाळवला, तर ओलावा तेवढाच असूनही रोध कित्येक पट वाढतो. कारण धुण्याने क्षार निघून जातात. म्हणजे एकटे पाणी वीज नेत नाही, पाणी आणि क्षार मिळून नेतात.

ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातून आलेले बंधू इथे बसले आहेत. बोंडावर बसलेली धूळ, पानाचा चुरा, मातेरे यांतही क्षार असतात. असा कापूस स्वच्छ कापसापेक्षा विजेला सोपी वाट देतो आणि मीटर त्याला ओला समजतो. कापूस स्वच्छ वेचा असे आम्ही सांगतो तेव्हा तुम्हाला वाटते की हे ग्रेडरच्या बाजूने बोलतात. ग्रेडसाठी तर आहेच, पण मीटरसाठीही आहे.

पहिली गोष्टही आपल्या कामाची आहे. गाडीत एका जागी दव मुरले आणि बाकी कापूस कोरडा, अशा वेळी सुया त्या ओल्या जागी गेल्या तर वीज ओल्या वाटेनेच पळणार. पाणी जसे उताराकडे धावते तशी. मीटर सरासरी काढत नाही, दोन सुयांमधल्या सगळ्यांत ओल्या वाटेचा आकडा देतो. काकांच्या गाडीत तेच झाले.

उष्णतेचेही तसेच. कापूस तापला की त्याचा रोध कमी होतो, ओलावा न वाढताही. उन्हात तापलेल्या ट्रॉलीतला कापूस मीटरला जरा ओला भासतो. मीटरमध्ये उष्णतेची दुरुस्ती असेल तर ठीक, नसेल तर ती चूक तुमच्या माथी. दाबाचेही आहे. पायाने तुडवलेल्या कापसात सुयांना धागा घट्ट लागतो, आकडा चढतो. भुसभुशीत कापसात उतरतो. ज्या दाबावर मीटरचे कोष्टक बसवले असेल त्याच दाबावर मोजायला हवे. पण एका केंद्रावर आम्ही पाहिले, एक जण ट्रॉलीवर उभा राहून पायाखाली मोजतो आणि दुसरा बाजूच्या फटीतून. यंत्र एक, रीती दोन.

आणखी एक खोच आहे, आणि ती आमच्या कॉलेजच्या पुस्तकात नव्हती, आम्हाला ती खूप उशिरा समजली. आपण विकतो तो रुई नव्हे, कापूस, म्हणजे सरकीसकट. वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग सरकीचा. मीटरच्या सुया मात्र रुईचा रोध मोजतात. रुई हवेतला ओलावा पटकन घेते, पटकन सोडते. सरकी सावकाश घेते आणि सावकाश सोडते. रात्रीच्या दवाने रुई भिजली की मीटर गाडीभर कापसालाच ओला ठरवतो, पण आतली सरकी कालच्याइतकीच कोरडी असते. उलटही होते. पहिल्या वेचणीचा कापूस, बोंड पुरते न वाळता घाईने वेचलेला, वरून रुई सुकलेली आणि आत सरकी ओली. तिथे मीटर कमी दाखवतो आणि जिनवाल्याला फटका बसतो. मीटर नेहमी आपल्याच विरुद्ध चुकतो असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही.

आता पैशाचे बोलू. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलावा हा पाया. 8 च्या वर 12 पर्यंत प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात. 12 च्या वर माल नाकारतात. ही कपात अन्यायाची आहे का? हिशेब करू. 12 टक्के ओलाव्याच्या क्विंटलमध्ये 88 किलो कोरडा माल असतो, 8 टक्क्यांच्या क्विंटलमध्ये 92 किलो. 88 ला 92 ने भागले तर फरक साधारण सव्वाचार टक्क्यांचा येतो. कपात 4 टक्के. म्हणजे नियम हिशेबाला धरून आहे, उलट चिमूटभर आपल्या बाजूने आहे. पाण्याचा भाव कापसाच्या भावाने मागायचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यातलेच काही जण गाडीवर फवारा मारून नेतात हे इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यांच्यामुळे काकांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पण नियम बरोबर आणि आकडा चूक, तर लूट तिथे सुरू होते. 20 क्विंटल कापूस, हिशेबासाठी भाव 7,500 धरा. दीड लाखाचा माल. मीटरने दोन टक्के जास्त दाखवले की 3,000 रुपये गेले. कागदावर खोट नाही, सही तुमची. आणि खरा ओलावा 11 असताना मीटरने 13 दाखवले तर 3,000 वर सुटका नाही. गाडी नाकारली जाते, भाडे अंगावर पडते आणि फाटकाबाहेर व्यापारी उभाच असतो. तो हमीभाव देत नसतो. त्यालाही माहीत असते की ही गाडी परत गावाला जाणार नाही.

यात टक्का कसला हेही विचारायला हवे. हे जरा नीट ऐका, बाहेर फारसे कोणी सांगत नाही. ओलावा मोजायच्या दोन रीती आहेत. एक ओल्या वजनावर: 100 किलो मालात 12 किलो पाणी, म्हणजे 12 टक्के. दुसरी कोरड्या वजनावर: 88 किलो कोरड्या मालावर 12 किलो पाणी, म्हणजे 13.6 टक्के. माल तोच, पाणी तेच. कापड गिरण्यांच्या व्यवहारात दुसरी रीत चालते. तिथे कापसाचा ठरलेला आकडा 8.5 टक्के आहे, तो कोरड्या वजनावरचा. ओल्या वजनावर तोच 7.8 होतो. मीटर बनवणारे गिरण्यांसाठीही बनवतात. गिरणीच्या रीतीचा मीटर खरेदी केंद्रावर आला, तर 12 टक्क्यांचा घेण्यालायक कापूस 13.6 दाखवून परत जाईल. आपला तोल ओल्या मालाचा होतो, म्हणून कपातीचा टक्काही ओल्या वजनावरचाच असला पाहिजे. ग्रेडरला हे विचारा. बहुधा तो तुमच्याकडे पाहत राहील. पण दुसऱ्या दिवशी तो मीटरचे पुस्तक उघडून बघेल.

गंमत पाहा. आपल्या कापसातल्या ओलाव्यावर पैसे कापतात आणि सूतगिरणीत मुद्दाम हवा दमट ठेवतात! त्याचेही कारण विजेतच आहे. कोरडा धागा घासला की त्यावर वीज साचते, धागे एकमेकांपासून फाकतात, यंत्राला चिकटतात, तुटतात. ओलावा असला की ती वीज सरकून जाते. शिवाय कापसाचा धागा ओला असताना जास्त मजबूत असतो.

ज्वारीचा मीटर वेगळा. त्याला सुया नसतात, पेला असतो. दाणे पेल्यात ओततात आणि आकडा येतो. तिथे रोध नव्हे, दुसरा गुण मोजतात. 1837 साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरेडेने पितळेच्या दोन गोलांत, एकात एक, मधल्या पोकळीत कधी हवा, कधी लाख, कधी गंधक भरून पाहिले की वीज किती साठते. प्रत्येक पदार्थात वेगळी साठली. हा गुण आजही त्याच रीतीने मोजतात. हवेचा आकडा 1 धरला तर कोरड्या धान्याचा दोन ते पाच आणि पाण्याचा सुमारे 80. इतका मोठा फरक असल्यामुळे दाण्यात थोडे पाणी वाढले तरी पेल्याला लगेच कळते. म्हणून धान्याच्या मीटरचा भरवसा जास्त.

पण त्यालाही खोड्या आहेत. प्रत्येक धान्याचे कोष्टक वेगळे. मक्याच्या बटणावर ज्वारी मोजली तर येणारा आकडा ना मक्याचा ना ज्वारीचा. दाणे ठरलेल्या वजनाचे हवेत, अंदाजे पसाभर नव्हे. हमीभावाला ज्वारीची मर्यादा 14 टक्के आहे. खरिपातल्या संकरित ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात सापडले की ती मर्यादा गाठणे किती कठीण ते तुम्हाला सांगायला नको. निघण्यापूर्वी घरी एक साधी परीक्षा करा. काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात पाव भाग ज्वारी आणि चमचाभर कोरडे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटले तर ओलावा 15 च्या वर आहे, गाडी जुंपू नका, आणखी वाळवा. चिकटले नाही तर निघा. मीठ मात्र तव्यावर भाजून घेतलेले असावे, पावसाळी मीठ स्वतःच ओले असते.

याच शास्त्राच्या जोरावर जमिनीखालचे पाणीही शोधतात. पाणाड्याला नारळ आणि दोनशे रुपये देण्याऐवजी यंत्र लावा असे आम्हीच गावोगाव सांगत आलो. जमिनीत चार सळया ठोकतात, बाहेरच्या दोनांतून वीज सोडतात, आतल्या दोनांवर मोजतात. सळया जितक्या लांब न्याल तितकी वीज खोल जाते. 1912 साली फ्रान्समधील नॉर्मंडीत कोनराड श्लुंबर्जे याने आपल्या घरच्या मळ्यात हा प्रयोग केला, तो खनिजे शोधायला. आपल्याकडे अखंड काळा पाषाण वीज फार अडवतो, पाणी धरणारा झिजलेला मुरूम कमी अडवतो. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा 1972 पासून हे काम करते.

पण इथेही यंत्र पाणी दाखवत नाही, अडवणूक दाखवते. चिकणमातीही वीज कमी अडवते आणि तिच्यातून बादलीभर पाणी निघत नाही. खारे पाणी तर सगळ्यांत कमी अडवते. खारपाणपट्ट्यात यंत्र आनंदाने “इथे आहे” सांगेल आणि खाली बैलही तोंड लावणार नाही असे पाणी लागेल. शेजारच्या विहिरीचे थर आणि पाण्याची चव माहीत असल्याशिवाय यंत्राचा आकडा वाचता येत नाही. एका गावात आम्ही हे न विचारता बोअरची जागा सांगितली होती. ती बोअर कोरडी गेली आणि त्या कुटुंबाचे पैसे बुडाले. त्यांच्या दारावरून जाताना आजही मान वर होत नाही. पाणाड्या चुकला की लोक हसतात. आम्ही चुकलो तेव्हा पदवी सोबत घेऊन चुकलो.

चुंबक लावलेल्या पाइपातून पाणी सोडले की पीक दुप्पट येते म्हणून विकणारे फिरत आहेत, त्यांच्याबद्दल दोनच वाक्ये. पाण्याला चुंबक अगदी किंचित दूर ढकलतो, इतके किंचित की नाजूक उपकरणाशिवाय कळत नाही. विकणाऱ्याला सांगा, आमच्याच शेतात दोन सरी चुंबकाच्या आणि दोन बिनचुंबकाच्या लाव, माप झाल्यावर पैसे घे. तो परत येणार नाही.

आता मीटरचे काय करायचे? काट्यावर दरवर्षी वैधमापनाचा शिक्का लागतो आणि तो नसला तर आपण तोलू देत नाही. मीटर शेवटचा कधी तपासला, कशाशी ताडून पाहिला, हे विचारायचा हक्क तसाच आहे. तो भांडून नव्हे, लेखी अर्ज देऊन वापरायचा. गाडीत किमान पाच जागी, हातभर आत सुया घालून सरासरी काढा आणि पाचही आकडे पावतीवर लिहा, ही आपली मागणी. केंद्राच्या ढिसाळपणाने गाडी रात्रभर थांबली तर सकाळच्या दवाचा आकडा शेतकऱ्याच्या नावावर लावू नये, ऊन चढल्यावर मोजावे, ही दुसरी. आणि आपल्या बाजूने, दव उठल्याशिवाय वेचणी नको. वेचणाऱ्या बाया सकाळी लवकर येतात कारण उन्हाच्या आत काम उरकायचे असते, त्यांचेही खरे आहे. मग सकाळची वेचणी वेगळी पसरा, दुपारच्या गंजीत मिसळू नका.

मागणी करायची तर हातात पुरावा हवा. मीटर खरा की खोटा हे ठरवणारी एकच रीत आहे, आणि तिला वीज मोजावी लागत नाही. नमुना तोला, 105 अंशांच्या भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा, परत तोला. 50 ग्रॅमचे 45 ग्रॅम झाले तर 5 ग्रॅम पाणी, म्हणजे 10 टक्के. सरकीसकट कापसाला वेळ लागतो, घाई चालत नाही. अशी भट्टी कृषी महाविद्यालयात असते. दहा-वीस नमुने वाळवून द्या म्हटले तर नाही म्हणणार नाहीत, आम्ही बोलू.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने दहा नमुने आणावेत. केंद्रावर सुया घालतील त्याच जागचा, त्याच वेळी मूठभर कापूस काढायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हवा दाबून काढायची, गाठ मारायची आणि ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून पुन्हा गाठ. उन्हात ठेवू नका, नाही तर पाणी पिशवीला आतून चिकटते आणि कापूस खोटा कोरडा निघतो. पिशवीवर शेतकऱ्याचे नाव नको. गाव, वेचणीची तारीख, मोजल्याची वेळ आणि मीटरने दाखवलेला आकडा एवढेच लिहा. तोलायचा काटा आम्ही आणतो.